कासराभर दिवस उरला की निघा: साताऱ्यातून मावळती पाहण्याची रीत

सूर्य बुडाला की साताऱ्यात किल्ल्याच्या उतारावरच्या 'चार भिंती' या जागेवरची गर्दी पाच मिनिटांत पांगते. मोबाइल खिशात जातात, गाड्या सुरू होतात, कुणीतरी "चला, झालं" म्हणतं. मीही कित्येक वर्षं त्या "झालं"वाल्यांतलाच. मग एका संध्याकाळी गाडी पंक्चर झाली आणि मदत येईपर्यंत तासभर तिथंच अडकलो. त्या तासात आभाळात जे चाललं होतं ते पाहून कळलं, की आजवर मी पंगतीत मीठ-लिंबू वाढेपर्यंत बसायचो आणि पानावरून उठायचो.

हा लेख त्या पूर्ण पंगतीसाठी आहे. साताऱ्यात राहता, सांगलीला राहता, किंवा दोन दिवसांसाठी आला आहात, तरी चालेल. खर्च काही नाही. दीड तास मात्र मोकळा हवा.

वेळ काढणं

आधी घड्याळाचं बोलू. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आणि सातारा साधारण ७४ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या ३४ मिनिटं मागे चालतो. म्हणून नागपूरकडचा पाहुणा आला की "तुमच्याकडं अजून उजेड कसा?" असं विचारतो.

साताऱ्यात सगळ्यांत उशिराचा सूर्यास्त जुलैच्या सुरुवातीला, सुमारे ७ वाजून १३ मिनिटांनी. सगळ्यांत लवकरचा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, ५ वाजून ५७ मिनिटांच्या आसपास. इथं बरेच जण चकतात. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण तोवर सूर्यास्त सहा-सात मिनिटांनी पुढे सरकलेला असतो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो असं आपण म्हणतो. संध्याकाळ मात्र संक्रांतीच्या दिवशी नोव्हेंबरअखेरच्या मानानं वीस मिनिटांनी लांबलेली असते. थंडीत ऑफिस सुटल्यावर जायचं ठरवत असाल तर हा फरक उपयोगाचा आहे: नोव्हेंबरात जमत नाही ते जानेवारीच्या मध्यावर जमू लागतं.

पण ही झाली सपाट क्षितिजाची वेळ. आपल्याकडं क्षितिज कुठलं सपाट? सातारा शहराच्या पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर आडवा पसरलेला. पेठेतल्या गच्चीवरून पाहाल तर सूर्य दिलेल्या वेळेच्या बराच आधी त्या डोंगराआड जातो. जितकं खाली आणि डोंगराला जितकं जवळ, तितका दिवस लवकर बुडतो. म्हणून मोबाइलवरची वेळ पाहून नेमक्या वेळी गेलात तर हात हलवत परत याल.

त्यापेक्षा हातानं मोजा. हात पूर्ण लांब करा, चार बोटं जुळवून आडवी धरा, खालचं बोट डोंगराच्या कडेला टेकवा. इंटरनेटवर एका बोटाला पंधरा मिनिटं असा हिशेब सापडतो. तो आपल्याकडं लागू पडत नाही. आपल्या अक्षांशावर सूर्य बराचसा सरळ खाली उतरतो, त्यामुळं चार बोटं मिळून जेमतेम अर्धा तास भरतो. मूठ धरली तर सुमारे चाळीस मिनिटं. माझा नियम असा की डोंगर आणि सूर्य यांच्यात एक मूठ उरली की बूड टेकलेलं असावं. मोजताना सूर्याकडं टक लावू नका, बोटांच्या कडेनं अंदाज घ्या.

आमचे आजोबा याला "कासराभर दिवस" म्हणायचे. बैलाच्या कासऱ्याच्या दोराएवढा सूर्य वर राहिला की औत सोडायचं. त्यांच्या मनगटावर कधी घड्याळ नव्हतं आणि त्यांना उशीर झालेलाही मी पाहिला नाही.

जागा: एकच, आणि तीही जवळची

पाहुणे विचारतात, सगळ्यांत भारी सनसेट पॉइंट कुठला? महाबळेश्वरला मुंबई पॉइंट आहे, कोकणाकडं उघडा, डोंगरांच्या रांगांमागं रांगा. एकदा जरूर जा. आणि गाडी लावायला लागणारा वेळ धरूनच जा. रोजच्या कामाची जागा ती नव्हे.

रोजची जागा घरापासून अर्ध्या तासात गाठता आली पाहिजे, नाहीतर चौथ्या दिवशी कंटाळा येतो. तिथून पश्चिम तर दिसावीच, पण पूर्वही उघडी असावी. याचं कारण पुढं येईल. बसायला दगड हवा, कठडा नको.

साताऱ्यासाठी माझं मत अजिंक्यतारा किल्ल्याला. शहराच्या दक्षिणेला उभा असल्यानं वरून चारी दिशा मोकळ्या मिळतात. मावळतीला यवतेश्वर-कासची रांग, उगवतीला जरंडेश्वराचा डोंगर, खाली सगळं शहर. चालत चढा, गाडीनं जायचं तर रस्ता दरवाज्याजवळ नेतो. गुडघे कुरकुरत असतील तर त्याच्याच उतारावरच्या चार भिंतीवर थांबा.

यवतेश्वराचा घाट चढून गेलात तर खेळ उलटतो. तुम्ही त्याच डोंगरावर असता, म्हणून शहरातला दिवस बुडाला तरी तुमचा शिल्लक असतो. एकाच संध्याकाळी दोन सूर्यास्त पाहायचे असतील तर पहिला घाटाच्या पायथ्याशी, दुसरा वर. मुलांना ही गंमत फार आवडते. त्याच रस्त्यानं पुढं कासचं पठार, २०१२ पासून जागतिक वारशात गेलेलं. सप्टेंबरात फुलांसाठी गर्दी, नोंदणी, ठरलेल्या वेळा, त्यामुळं मावळतीसाठी हंगाम टाळून जावं. फुलं नसलेल्या डिसेंबरातलं पठार पाहिलंय कधी? वाळलेल्या गवताला तिरपी उन्हं लागली की अख्खा सडा, म्हणजे कातळाचा माळ, पितळी होतो.

सज्जनगडावरून मावळती पाहिली तर खाली उरमोडी धरणाचं पाणी असतं. आभाळाचा रंग पाण्यात दुसऱ्यांदा मिळतो आणि आभाळापेक्षा थोडा उशिरापर्यंत टिकल्यासारखा भासतो. तिथली सायंप्रार्थना चालू असेल तर आवाज बंद ठेवून बसा.

डोंगर नको असेल तर क्षेत्र माहुली. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, कृष्णेच्या पूर्व काठाला बसलं की नदी समोर, सूर्य नदीपलीकडं. सांगलीकरांना हे घरबसल्या मिळतं. शहर कृष्णेच्या डाव्या तीरावर, म्हणजे घाटाचं तोंड आपसूक मावळतीला. १९२९ पासून उभ्या असलेल्या आयर्विन पुलाच्या कमानी त्या उजेडात काळ्या कागदातून कापल्यासारख्या दिसतात. एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या: सांगलीच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. शेवटच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसण्याची हौस घरच्या बादलीत भागवावी.

जाण्याआधी आभाळ वाचा

स्वच्छ निळं आभाळ म्हणजे चांगला सूर्यास्त, हा समज सोडा. ढग नसले तर रंग पसरायला पडदाच नसतो. ढग हवे आहेत ते उंचावरचे, पिंजलेल्या कापसासारखे, नाहीतर खवल्याखवल्यांचे. आणि पश्चिमेच्या कडेला मोकळी फट. दुपारी चारला बाहेर येऊन बघा: वर विरळ ढग आणि पश्चिमेला डोंगरावर उजेड दिसत असेल तर कामं उरका. पश्चिमेलाच काळी भिंत उभी असेल तर त्या दिवशी भजी तळा.

रंगाचं कारण थोडक्यात सांगतो. डोक्यावरच्या सूर्याचा प्रकाश जितक्या हवेतून येतो, त्याच्या जवळजवळ ३८ पट हवा मावळत्या सूर्याच्या किरणांना ओलांडावी लागते. वाटेत निळा सगळीकडं विखुरला जातो, उरतो तो तांबडा-नारिंगी. हवा धुतलेली असेल तर हे रंग स्वच्छ येतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये वळीव पडून गेल्यानंतरची संध्याकाळ मी शक्यतो चुकवत नाही. अशा वेळी पूर्वेला अजून सर पडत असेल तर इंद्रधनुष्य तिकडंच उमटतं, आणि सूर्य खाली असल्यामुळं जवळजवळ अर्धं वर्तुळ भरेल इतकं उंच.

थंडीत आपल्या ऊसपट्ट्यात वेगळंच असतं. तोड झाली की पाचट पेटवतात, धूर खोऱ्यात तळाला बसतो. सूर्य मग तांब्याच्या परातीसारखा दिसतो, किरणं नसलेला. पाहायला वेगळा, पण आभाळ गढूळ. पाचट जाळू नये, कुजवावं हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी जळतं. तो विषय दुसरा. त्या दिवसांत खोऱ्याबाहेर उंचावर जा, धूर पायाखाली राहतो.

पावसाळ्यात जुलै-ऑगस्ट धुक्याचे. तेव्हा डोंगरावर गेलात तर धुकंच पाहाल. मात्र श्रावणात उघडीप मिळाली तर ढगांच्या फटीतून उन्हाचे पट्टे पसरतात. ते पसरताना सगळेच पाहतात. पाठ फिरवून पूर्वेला पाहा, कधीकधी तेच पट्टे आभाळ ओलांडून तिकडं पुन्हा एकत्र येताना दिसतात.

बसल्यावर

मोबाइल विमानात ठेवतात तसा बंद करा आणि पिशवीच्या तळाशी टाका. यामागं अध्यात्म नाही. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पडद्याची एक झलक ती मेहनत पुसते. फोटो काढायचाच असेल तर सूर्य डोंगराला टेकण्याआधी एक काढा, मग विषय संपवा. दुर्बिणीतून सूर्याकडं कधीही पाहू नका, अगदी लाल दिसत असला तरी. नुसत्या डोळ्यांनीही टक लावू नका, नजर आजूबाजूला फिरवत राहा.

पहिली वीस मिनिटं सूर्याकडं पाहूच नका. त्याचा उजेड कशावर पडतोय ते पाहा. आपल्या डोंगरांचे माथे सुरीनं कापल्यासारखे सपाट आणि खाली काळ्या दगडाचे थर. दुपारी ते एकसारखे दिसतात. तिरप्या उन्हात प्रत्येक थराला सावली येते, बांध, वाटा, जुनी तटबंदी, सगळं उठून दिसू लागतं. खालच्या खोऱ्यात डोंगराची सावली शेतं गिळत पुढं सरकते. एक घर धरा आणि सावली तिथं कधी पोचते ते पाहा. तुमची अस्वस्थता साधारण याच सुमारास बसते. मन शांत करायला मी दुसरं काही करत नाही, सावलीवर नजर ठेवतो.

मग सूर्य टेकतो. टेकल्यापासून बुडेपर्यंत सव्वादोन मिनिटांच्या आसपास, डोंगराच्या उतारानुसार कमी-जास्त. दूरचं मोकळं क्षितिज असेल तर तो खालून दबलेला, अंडाकृती दिसतो, कारण हवा खालच्या कडेचा प्रकाश वरच्या कडेपेक्षा जास्त उचलते. याच वाकण्यामुळं सपाट क्षितिजावर टेकलेला सूर्य दिसतो तेव्हा खरा सूर्य आधीच खाली गेलेला असतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जरा फसवल्यासारखं वाटलं होतं.

आता गर्दी उठेल. तुम्ही उठू नका, वळा.

पूर्वेला, जरंडेश्वराच्या अंगाला, क्षितिजालगत करड्या-निळ्या रंगाचा पट्टा वर येताना दिसेल आणि त्याच्या डोक्यावर फिकट गुलाबी झालर. खालचा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली, हवेवर पडलेली. आपण ज्या गोळ्यावर बसलोय त्याची सावली उघड्या डोळ्यांनी दिसते, रोज दिसते, आणि मी चाळिशी ओलांडेपर्यंत ती पाहिली नव्हती. दहा-पंधरा मिनिटांत ती वर चढून रात्रीत मिसळून जाते.

पुन्हा पश्चिमेला वळा. सूर्यास्तानंतर पाच ते पंधरा मिनिटांत उंच ढग खालून पेटतात. ज्या संध्याकाळी सूर्य फिका गेला त्याच संध्याकाळी हा भाग कधीकधी सर्वांत जोरदार निघतो. ढग नसतील तर पंधरा-वीस मिनिटांनी पश्चिमेच्या वरच्या भागात जांभळट झाक येते, आली न आली अशी.

अंधार दाटताना सोबत एखादी लाल वस्तू ठेवून पाहा, रुमाल, टोपी काहीही. पाठीमागचं हिरवं गवत दिसत असताना लाल रंग आधी विझून काळा पडतो. मंद उजेडात आपले डोळे तांबड्याला आधी मुकतात. मे महिन्यात गुलमोहराखाली हे फार छान कळतं: पानं दिसतात, फुलं गायब.

डोळ्यांचं काम कमी झालं की कान उघडतात. बगळ्यांच्या रांगा गेलेल्या असतात, पाकोळ्यांची जागा वटवाघळं घेतात, माळावर टिटवी ओरडते. खालून देवळातली घंटा, अजान, महामार्गाची घरघर, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. हे सगळं दिवसापेक्षा स्पष्ट येतं. जमिनीलगतची हवा आधी थंड होते आणि वरची उबदार हवा आवाज खाली वळवते. चुलीचा धूरही त्यामुळंच वर न जाता गावावर आडवा पसरतो.

तिथीकडंही लक्ष असू द्या. अमावस्येनंतर बीजेची कोर याच उजेडात दिसते, आणि नीट पाहिलं तर कोरीच्या कुशीत उरलेला गोलही अंधूक दिसतो. पौर्णिमेला तर चंद्र सूर्यास्ताच्याच सुमारास समोरून वर येतो. कोजागिरीला दूध आटवण्याआधी अजिंक्यताऱ्यावर जाऊन या: इकडं बुडणारा, तिकडं उगवणारा, आणि मान वळवता वळवता आपण.

कातरवेळेबद्दल

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. प्रत्येक संध्याकाळी शांत वाटेलच असं नाही. आपल्या भाषेनं या वेळेला कातरवेळ हे नाव उगाच दिलेलं नाही. काहीतरी कातरत जातं आतून. गेलेली माणसं आठवतात, राहिलेली कामं आठवतात, आणि कधी कारण नसताना गलबलतं. आई गेली त्या वर्षी मी तीन महिने डोंगरावर गेलोच नाही, जाववतच नव्हतं.

तेव्हा काय करावं? जबरदस्ती करू नये. जायचंच असेल तर एकट्यानं जाऊ नका, कमी बोलणारं माणूस सोबत घ्या. आणि तोंड पश्चिमेकडं न करता शहराकडं करून बसा. दिवेलागण पाहा. एकेक खिडकी उजळते, रस्त्यांच्या माळा लागतात, कुठल्यातरी घरात कुणीतरी देवापुढं दिवा लावून शुभं करोति म्हणायला पोराला हाका मारत असेल. तिन्हीसांजेला घरात झोपू नये, दार लावून बसू नये असं आजी का म्हणायची ते मला तिथं बसून थोडंफार उमगलं. रोजचीच उदासी असेल, दिवसाही पाठ सोडत नसेल, तर मात्र डोंगर पुरत नाही. डॉक्टरांकडं जावं.

परतीचं

बॅटरी न्या, मोबाइलची नव्हे, वेगळी. थंडीत कानटोपी, कारण सूर्य गेल्यावर पठारावरचा वारा दहा मिनिटांत बदलतो. पाणी, आणि थर्मासमधून चहा. खाण्याच्या पुड्या उघड्यावर काढल्यात तर माकडांशी गाठ आहे. कड्याच्या कडेला बसू नका. उजेडात सोपी वाटलेली जागा अंधारात उठताना सोपी नसते. उतारांवर बिबट्याचा वावर असतो, म्हणून झाडीतली पायवाट टाळून रस्त्यानं, दोघा-तिघांनी बोलत उतरा. घाटात धुकं उतरलं असेल तर गाडीच्या दिव्याचा झोत खालीच ठेवा. कचरा परत आणा, हे लिहावं लागतं याचीच लाज वाटते.

वही

घरी आल्यावर एक ओळ लिहा. तारीख, ढग कसे होते, आणि सूर्य डोंगराच्या कुठल्या खुणेवर बुडाला. हे शेवटचं महत्त्वाचं. सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो तो वर्षात दोनदाच, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. जूनमध्ये तो पश्चिमेच्या उजवीकडं सुमारे २५ अंश सरकतो, मेढ्याच्या बाजूला. डिसेंबरात तितकाच डावीकडं, परळी-सज्जनगडाच्या अंगाला. म्हणजे लांब केलेल्या हाताच्या पाच मुठी भरेल एवढी त्याची येरझार. मार्च-सप्टेंबरात तो रोज जवळजवळ स्वतःच्या रुंदीएवढा पुढं जातो, सलग दोन संध्याकाळी गेलात तरी फरक डोळ्यांना कळतो. जून-डिसेंबरच्या टोकाला मात्र आठवडाभर जागचा हलत नाही, वळणावर थबकल्यासारखा.

डोंगराची बाह्यरेषा एकदा पेन्सिलनं काढून ठेवा आणि तिच्यावर तारखा मांडत जा. वर्षभरात तुमच्या दगडाचं स्वतःचं पंचांग तयार होतं. ते दुसऱ्या कुठल्या दगडावर चालत नाही.

माझ्या वहीतल्या काही ओळी उदाहरणादाखल:

"१९ मार्च. ढग नाहीत. जोडझाडांच्या किंचित डावीकडं. वारा फार.

२० मार्च. झाडांच्या मधोमध! दोन मिनिटं अख्खं झाड दिसत होतं, पानांसकट.

२१ मार्च. उजवीकडं गेला. शेजारी एक आजोबा होते, त्यांना कालचं सांगितलं. म्हणाले, सप्टेंबरात परत येईल की तिथंच."